मुकुटाखालचा सांधा

सुजाता,

काल चर्चचं काम बघणाऱ्या मिस्टर लिमनी मला तुझ्या नावाची पाटी दाखवली. पितळेची, तळहाताएवढी. चर्चच्या ऑफिसात टिश्यूपेपरमध्ये गुंडाळून ठेवली होती. त्यावर इंग्रजीत तुझं पूर्ण नाव आणि खाली, हिच्या हातांनी हे लोखंड पुन्हा उभं राहिलं, अशा अर्थाची एक ओळ. स्पेलिंग तेवढं बघून घ्या, असं ते म्हणाले. मी बघितलं. स्पेलिंग बरोबर होतं. पाटी खोटी होती, आणि हे नीट माहीत असलेल्या तोवर आपण दोघीच. आज तुला जाऊन एकवीस दिवस झाले.

येत्या रविवारनंतरच्या रविवारी ती पाटी चर्चमधल्या त्या लोखंडी स्टँडच्या पायाशी बसवायचं ठरलंय. त्या स्टँडवर मुकुटाखाली जो मुख्य सांधा आहे, समोर उभं राहिल्यावर ज्याच्यावर पहिली नजर जाते, तो तुझ्या हातचा नाही. तो मी करून घेतला, तुझ्या पाठीमागे. त्यानंतर चार महिने आपण एकमेकींशी धड बोललो नाही, आणि मग तू गेलीस. हे सगळं तुला माहीत आहे. तरी मला ते पहिल्यापासून सांगायचंय. तू होतीस तेव्हा मला कधी पुरं बोलू दिलं नाहीस, आणि खरं सांगायचं तर मीही फार धडपड केली नाही.

पुण्याच्या कॉलेजात धातुशास्त्राच्या वर्गात आपण दोनच मुली होतो, म्हणून मैत्रीण निवडायचा प्रश्नच आला नाही. मला तू पहिल्या दिवशी अजिबात आवडली नव्हतीस. वर्कशॉपच्या तासाला बाकी सगळे सांडशी कशी धरायची ते शिकत होते आणि तू सरांना सांगत होतीस की ऐरण अर्धा इंच वर हवी, नाहीतर कंबर जाते. तुझे बाबा खडकीच्या एका कारखान्यात लोहारशाळेत होते. सुट्टीत ते तुला घराच्या मागे छोट्या भट्टीवर काम शिकवायचे. माझे वडील बँकेत. मी हातोडा उचलला तो परीक्षेपुरता. पण रिपोर्ट लिहावा तर मीच, हे तूही मान्य करायचीस. चार वर्षं तू घडवलंस आणि मी लिहिलं.

इथे सिंगापूरला मी आधी आले. जुन्या इमारतींची डागडुजी करणारी कंपनी, धातूकामाचा विभाग, मॅनेजरची खुर्ची. दोन वर्षांनी लोखंडाचं हातकाम जाणणारं कुणी हवं होतं तेव्हा मी तुझं नाव दिलं. तू प्रवीणला आणि लेकीला, मित्राला घेऊन वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये राहायला आलीस, कारण तिथे भाडं कमी आणि वर्कशॉप जवळ. मी सेंगकांगला. 'तूच मला इथं आणलंस,' असं तू कौतुकानेही म्हणायचीस आणि चिडूनही. गेले तीन आठवडे मला फक्त चिडलेलंच ऐकू येतंय.

एक गोष्ट आपण हसण्यावारी न्यायचो, पण ती हसण्यासारखी नव्हती. कामाच्या फाइलवर नाव माझं यायचं. बातमी छापून आली तर फोटो माझा. तू एकदा डबा खाता खाता म्हणालीस, 'रोहिणी, हात आमचे आणि नाव तुमचं. इथं समुद्र ओलांडून आलो तरी तेच गं.' मी म्हटलं, 'आमचं तुमचं काय लावलंयस? मॅनेजर आहे म्हणून नाव येतं.' तू म्हणालीस, 'हो, तेच तर.' आणि भाकरीचा तुकडा माझ्या ठेच्यात बुडवलास. मी विषय बदलला. तो वाद आपण कधी पुरा केला नाही. तू मला कोंडीत पकडायची नाहीस, निदान तेव्हा तरी.

मग तो स्टँड आला. गंजलेला, एक बाजू कललेली, पाच फूट उंच. इंग्लंडमधल्या कुठल्याशा गावच्या चर्चमध्ये तो होता. तिथला महापौर रविवारी इतमामाने प्रार्थनेला यायचा, त्याच्यापुढे एक माणूस शहराची तलवार घेऊन चालायचा, आणि प्रार्थना चालू असेपर्यंत ती तलवार महापौराच्या बाकाशेजारी या स्टँडमध्ये उभी करून ठेवायची. तेवढ्यासाठी एवढं सगळं: घडीव लोखंडाच्या वेली, पानं, गावची ढाल, वर मुकुट, सोन्याचा वर्ख. ते चर्च पाडलं तेव्हा कुणीतरी स्टँड बोटीत घालून इथल्या चर्चला भेट पाठवला. इथे ना महापौर, ना तलवार. तो आपला खांबामागे फुलदाण्यांच्या सोबतीला उभा.

तू त्याला 'तलवारीची खुर्ची' म्हणायचीस. मिस्टर लिमनी तुला विचारलं होतं, तुम्ही बौद्ध ना, चर्चचं काम करायला काही अडचण? तू म्हणालीस, 'नो प्रॉब्लेम, अंकल. आय अ‍ॅम प्रेइंग टू द आयर्न ओन्ली.' म्हातारा इतका हसला की त्याला खोकला आला. त्या दिवसापासून तो तुझ्यासाठी काया टोस्ट, नारळाचा गोड जॅम लावलेला, आणायला लागला. मला कधी विचारलंही नाही.

पहिल्या आठवड्यात तू मला त्याच्यासमोर बसवून शिकवलंस. यात कुठेही डाग दिलेला नाही, वेल्डिंग नाही. दोन वेली जिथे भेटतात तिथे तापवलेलं लोखंडी कडं घालून ठोकलंय. कडं निवताना आकसतं आणि दोघींना धरून ठेवतं. अशी सात कडी. कधी गंज चढलाच तर कडं तापवून उघडायचं, आतलं साफ करायचं, पुन्हा घालायचं. 'ज्यानं केलं त्याला ठाऊक होतं, पुढं कुणीतरी उघडणार आहे,' तू म्हणालीस. छोट्या हातोडीने तू एकेक कडं वाजवून पाहिलंस आणि मला डोळे मिटून ऐकायला लावलंस. सहा जणांनी स्वच्छ उत्तर दिलं. मुकुटाखालचं सातवं बद्द वाजलं. आत गंज फुगून कडं फाटायला आलं होतं.

त्याच शनिवारी आपण पुलाउ उबीन बेटावर गेलो. सायकली भाड्याने घेतल्या, मित्रा पुढे, आपण दोघी मागे धापा टाकत. जुन्या कंपोंगमधल्या, म्हणजे खेड्यातल्या, एका रिकाम्या घराच्या दाराशी तू थांबलीस ती थांबलीसच. बिजागरी जुनी घडीव लोखंडाची होती. तू तिच्यावरून अंगठा फिरवत राहिलीस. सातव्या कड्याला असंच जुनं लोखंड हवं, आजचं पोलाद चालणार नाही, दोघांचा स्वभाव जमत नाही, असं तुझं चाललं होतं. मित्रा ओरडली, 'मम्मी, डोन्ट स्टील पीपल्स डोअर, लाह!' तू म्हणालीस, 'नाही गं, नुसती विचारपूस करतेय.' परतीच्या बोटीत तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलीस. त्या दुपारी मी सुखात होते, सुजाता.

आणि मग चर्चच्या वर्धापनदिनाला त्या इंग्लंडच्या गावचा महापौर येणार असं ठरलं. येणार म्हणजे तलवारीसकट, आणि तलवार त्याच स्टँडमध्ये उभी राहणार. खरी तलवार विमानातून कशी आणायची यावर महिनाभर पत्रं गेली आली आणि शेवटी तिची लाकडी नक्कल येणार असं निघालं. तुला केवढं हसू आलं होतं. 'लाकडी तलवारीला अस्सल खुर्ची!' पण तारीख लाकडी नव्हती. पाच आठवडे. तू जुनं लोखंड मागवलंस, ते सहाव्या आठवड्यात येणार होतं. तू म्हणालीस तारीख पुढे ढकलायला सांग, नाहीतर स्टँड मुकुटाशिवाय उभा करू आणि खरं कारण सांगू. कंपनीचे साहेब म्हणाले, दोन्ही शक्य नाही. मला बाजूला घेऊन म्हणाले, तुझ्या वर्क पासचं नूतनीकरण ऑगस्टमध्ये आहे ना?

तुला माहीत होतं माझं घर कसं चाललं होतं. हेमंतची नोकरी गेली होती, तो माझ्या पासवर इथे होता, निनादची शाळाही माझ्या पासवर. मी पडले की तिघं पडणार. पण तुझीही हीच गत होती, आणि तरी तू नाही म्हणत होतीस. मला त्याचाच राग यायचा. हिला कसं जमतं नाही म्हणायला?

तेवढ्यात तुला डेंगी झाला. तू आठ दिवस हॉस्पिटलमध्ये. तिसऱ्या दिवशी मी तुला शहाळं घेऊन भेटायला आले, तुझे पाय चेपले, आणि तिथून थेट वर्कशॉपवर जाऊन बाहेरून बोलावलेल्या वेल्डरला उभं राहून सांगितलं, काप. त्याने ग्राइंडरने ते कडं कापलं. दोन्ही वेली वेल्डिंगने जोडल्या, वर पोलादाची पट्टी कड्यासारखी वाकवून बसवली, पुट्टी भरली. वर्ख मी स्वतः लावला. फार छान दिसत होतं. सगळा उद्योग एका दुपारीत आटोपला.

तू परत आलीस, रोडावलेली, ओठ सुकलेले. बॅगही खाली न ठेवता तू स्टँडपाशी गेलीस आणि हातोडीने वाजवलंस. एकदाच.

'कुणी केलं?'

'मी करून घेतलं.'

'कड्याचे तुकडे कुठे आहेत?'

'भंगारात गेले.'

तू खुर्चीवर बसलीस. मला वाटलं ओरडशील. तू म्हणालीस, 'त्या वेलीचं तोंड जाळलंस तू, रोहिणी. आता ते कुणालाच उघडता येणार नाही.' मग म्हणालीस, 'रिपोर्टमध्ये लिही. वेल्डिंग केलंय, का केलंय, सगळं लिही. पुढच्या माणसाला कळू दे.' मी म्हटलं लिहिते. आणि मी लिहिलं की संपूर्ण काम पारंपरिक पद्धतीने करण्यात आले आहे. तू तो रिपोर्ट वाचलास. तो माझ्या टेबलावर ठेवून इतकंच म्हणालीस, 'मग या कामावर माझं नाव कुठंही येता कामा नये. एवढं तरी करशील?' मी मान हलवली. तुझं ते माझ्याशी शेवटचं मराठी वाक्य.

महापौर आला, लाकडी तलवार उभी राहिली, सगळ्यांनी वाहवा केली. त्यानंतरचे चार महिने मला कुणी परत जगायला सांगितले तर मी पाया पडेन, नको म्हणून. एकच शटर, एकच पंखा, एकच मायक्रोवेव्ह. तू माझा डबा बाहेर काढून बाजूला ठेवायचीस, झाकण लावून, आणि तुझा गरम करायचीस. फेकला असतास तरी परवडलं असतं. कामाचं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर, इंग्रजीत, 'नोटेड' आणि 'ओके'. सहा फुटांवर बसून. तू नोकरी सोडू शकत नव्हतीस, सोडली तर प्रवीण आणि मित्राला घेऊन देश सोडायला लागला असता. मी तुझ्यासमोरून उठून जाऊ शकत नव्हते. दोघी एका खोलीत कोंडलेल्या, आणि किल्ली कुणाकडेच नाही. संध्याकाळी सेंगकांगला एमआरटीच्या मेट्रोतून उतरून मी एलआरटीच्या छोट्या गाडीत बसायचे. ती गाडी गोल फिरते. माझं स्टेशन यायचं, दार उघडायचं, आणि मी उतरायचे नाही. दोन दोन फेऱ्या मारायचे. घरी जाऊन चेहरा नीट ठेवायचा म्हणजे एक वेगळंच काम होतं.

रोज ठरवायचे, उद्या बोलू. तुझ्या वाढदिवसाला चिवड्याचा डबा तुझ्या कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी रिकामा डबा धुऊन माझ्या टेबलावर होता. मला त्याने आशा वाटली, सांगायला लाज वाटते. वाटलं, चिवडा खाल्ला म्हणजे अजून वेळ आहे.

मंगळवारी सकाळी प्रवीणचा फोन आला. मित्राची वेणी घालता घालता तू खाली बसलीस. मेंदूत रक्तस्राव. हॉस्पिटलला पोचेपर्यंत संपलं होतं. इथल्या मंडाईच्या दाहगृहात आपल्याकडची पाच-सहा घरं जमली, शिंदेकाकांनी त्रिसरण-पंचशील म्हटलं, आणि मी सगळ्यांत मागे उभी होते. कुणीतरी मला पुढे ढकललं, 'तुम्ही तर सर्वांत जवळच्या.' मी पुढे आले आणि तुझ्या हातांकडे बघत राहिले. उजव्या अंगठ्यावरचा भाजल्याचा डाग तसाच होता.

मिस्टर लिम तिथेच येऊन रडले. पाटीची कल्पना त्यांची. मी काही बोलणार तेवढ्यात मित्रा मध्ये आली. तुझं सगळं घर तुझ्या पासवर होतं, तो रद्द झाला, आणि आता त्या दोघांना महिनाअखेर पुण्याला परत जायचंय. तिची शाळा, मैत्रिणी, सगळं इथे. तिने लिमना विचारलं, 'अंकल, रिअली अह? मम्मीज नेम विल स्टे हिअर?' ते म्हणाले, 'ऑफ कोर्स, गर्ल. लाँग, लाँग टाइम.' तिचा चेहरा बघितला असतास तर तूही गप्प बसली असतीस. नाही, तू नसतीस बसली. मी बसले.

पण काल ती पाटी हातात घेतल्यावर मला राहवलं नाही. मी लिमना सगळं सांगितलं: वेल्डिंग, पुट्टी, खोटा रिपोर्ट, तू काय बजावलं होतंस ते. ते पाटी पुन्हा टिश्यूत गुंडाळून म्हणाले, 'आय्या, हू कॅन सी? शी डिड ऑल द रेस्ट. लेट द चाइल्ड हॅव इट, लाह.' आणि मला चहा विचारला. मी आयुष्यात एकदा खरं बोलले आणि त्यांनी ते परत माझ्याच पर्समध्ये घालून दिलं. त्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही. मला बाहेर पडायला कुणी दार उघडून देणार नव्हतं, एवढंच कळलं.

आज सकाळी वुडलँड्सला गेले. प्रवीण सामान बांधत होता. मित्रा तुझ्या पुस्तकांचे खोके भरत होती. मी तिला खाली व्हॉइड डेकमध्ये, इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, घेऊन गेले, बाकावर बसलो. मी सुरुवात केली की पाटीबद्दल बोलायचंय, त्या स्टँडचा एक सांधा मम्मीने केलेला नाही.

ती म्हणाली, 'आय नो. मम्मी टोल्ड मी. सम आउटसाइड मॅन स्पॉइल्ड इट व्हेन शी वॉज सिक.'

बाहेरचा माणूस. तू घरी असं सांगितलंस. चार महिने माझ्याशी एक शब्द न बोलता, तू तुझ्या मुलीपुढे माझं नाव झाकलंस. मी तिची मावशी राहावी म्हणून. सुजाता, मला तुझा किती राग आला त्या क्षणी, आणि मी किती रडले. मुलीने मला टिश्यू दिला. 'नेव्हर माइंड, मावशी. नॉट युअर फॉल्ट, वॉट.'

तिथेच थांबता आलं असतं. तू केलेली सोय होती ती, आयती. मी म्हटलं, 'मित्रा, बाहेरचा माणूस मी बोलावला होता. मम्मी नको म्हणाली होती. ती हॉस्पिटलमध्ये असताना मी तिच्या पाठीमागे ते केलं, आणि नंतर कागदावर खोटं लिहिलं.'

ती माझ्यापासून थोडी सरकली. फार नाही, एक वीत. तेरा वर्षांची मुलगी, पण डोळे तुझे होते, रिपोर्ट वाचल्यावरचे.

'डिड यू से सॉरी टू हर?'

'नाही.'

'व्हाय?'

ती जमिनीकडे बघत बसली. मग म्हणाली, 'देन यू से टू मी.'

मी म्हटलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी वाट पाहिली नाही. ती उठून लिफ्टकडे गेली, तिथून वळली आणि मराठीत म्हणाली, 'तिकडे मम्मीचं नाव नको लावू देऊ. तिला नको होतं ना?' लिफ्टचं दार मिटेपर्यंत ती रडत होती. या बेटावर तुझं म्हणून जे राहणार होतं ते तिने सोडून दिलं, मावशीच्या चुकीपायी.

दुपारी मी खरा रिपोर्ट लिहिला. सहा कडी मूळचीच, डागडुजी सगळी सुजाताची, सातवा सांधा माझ्या आदेशाने वेल्डिंगचा, तिचा विरोध असताना. सही केली. एक प्रत चर्चला, एक साहेबांना पाठवली. 'नाव लावू नये' हेही लिहिलं, तुझी इच्छा म्हणून. हेमंतला पाठवल्यानंतर सांगितलं. तो निनादच्या शाळेच्या तारखा बघायला बसला. साहेबांचा फोन दोनदा येऊन गेला, मी उचललेला नाही. ऑगस्टला काय होईल ते दिसतंच आहे.

मोकळं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही वाटत नाही. तुझ्या मुलीला म्हटलेलं तुला पोचत नाही. मी तुझी मैत्रीण होते आणि तू आजारी असताना मी तुझं काम बिघडवलं. चुकलं माझं, सुजाता. तू सहा फुटांवर होतीस तेव्हा हे दोन शब्द म्हणायला मला चार महिने मिळाले होते.